बंदुकीबद्दल एकच उत्तर द्या: २०२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना खुले पत्र

प्रति,
२०२८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू इच्छिणारे सर्व उमेदवार,
रिपब्लिकन पक्ष आणि डेमोक्रॅटिक पक्ष

सप्रेम नमस्कार.

मी जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीची मतदार. मूळची सांगलीकडची. लग्नानंतर इकडे आले आणि पुढे रीतसर नागरिकत्व घेतलं. नवऱ्याचं आणि माझं मिळून एक गॅस स्टेशन आहे, त्याला लागून दूध-ब्रेड, सिगारेट आणि लॉटरीचं दुकान. दुकानात कुलूपबंद पेटीत एक पिस्तूल असतं, आणि आमची मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते. या दोन्ही गोष्टींची काळजी मला रोज वाहावी लागते. त्यामुळे बंदुकीच्या प्रश्नावर मला आधीच कुठल्या तरी एका बाजूला उभं करून माझं मत गृहीत धरू नका, एवढी पहिली विनंती.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या प्रचार कार्यालयांकडे जाईल. मराठीत लिहिते आहे ते इथल्या आमच्या लोकांसाठी. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आम्ही ग्रीन कार्डवर बोलतो, एच-वन-बीवर बोलतो, घरांच्या किमतींवर बोलतो. बंदुकीचा विषय निघाला की कुणीतरी "जाऊ दे" म्हणतं आणि गाडी पुढे सरकते. ते जाऊ देणं मला आता जमत नाही.

कारण सांगते. ४ सप्टेंबर २०२४ रोजी विंडर गावच्या अपलाची हायस्कूलमध्ये चौदा वर्षांच्या मुलाने रायफलने गोळीबार केला. दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले. विंडर आमच्या शेजारच्या काउंटीत आहे. त्या दिवशी मी काउंटरवर होते. गिऱ्हाइकांना सुटे पैसे देत होते आणि फोनवर पालकांच्या ग्रुपमध्ये एकामागून एक संदेश येत होते: कुठली शाळा, कोण आत आहे, बाहेर कधी सोडणार. त्यानंतर सहा दिवसांनी फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची डिबेट झाली. नव्वद मिनिटांच्या त्या डिबेटमध्ये बंदुकीचा विषय आला तो एवढाच, की डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, या तुमच्या बंदुका काढून घेतील, आणि कमला हॅरिस म्हणाल्या, माझ्याकडे आणि माझे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्याकडेही बंदूक आहे, आम्ही कुणाची बंदूक घेणार नाही. मी टीव्हीसमोर बसून वाट पाहत होते, आता कुणीतरी सांगेल की पुढच्या चार वर्षांत नेमकं काय करणार. कुणी सांगितलं नाही. १ ऑक्टोबरच्या उपाध्यक्षांच्या डिबेटमध्ये तरी प्रश्न विचारला गेला. त्यात रिपब्लिकन उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी शाळांची दारं-खिडक्या मजबूत करायला सांगितलं.

पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण ओळीने लिहिते. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधलं बंदूक हिंसाचार रोखण्यासाठीचं कार्यालय बंद झालं. मार्चमध्ये सर्जन जनरलचा (म्हणजे देशाच्या प्रमुख सरकारी डॉक्टरचा) बंदूक हिंसाचारावरचा इशारा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवला गेला. एप्रिलमध्ये वस्त्यांमध्ये फिरून मुलांची भांडणं सोडवणाऱ्या संस्थांची अनुदानं न्याय खात्याने मध्येच तोडली. जुलैमध्ये नवा कायदा झाला आणि सायलेन्सरवरचा १९३४ पासूनचा दोनशे डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला गेला. यातला एकही निर्णय मतदारांना आधी विचारून झालेला नाही. २०२४ च्या सभांमध्ये यावर चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही. २०२८ लाही असंच होणार असेल, तर ते मी मुकाट्याने मान्य करणार नाही.

आता आमच्या पिस्तुलाविषयी, कारण "तुम्हाला काय कळतंय" असं मला दोन्हीकडून ऐकवलं जातं.

एका रात्री दुकान बंद करायच्या वेळेला दोन पोरं आत शिरली. एकाच्या हातात पिस्तूल. नवऱ्याने काही न बोलता गल्ला उघडून दिला. पैसे आणि सिगारेटची पाकिटं घेऊन ती पळाली. कुणाला इजा झाली नाही. नवरा आजही सांगतो, त्या पोराचा हात थरथरत होता आणि त्याच्या शिव्यांपेक्षा त्या थरथरणाऱ्या हाताचीच जास्त धास्ती वाटत होती. पोलीस आले, नीट चौकशी केली, कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन गेले. पण ते येईपर्यंतची मिनिटं आमची आम्हालाच काढायची होती. हमरस्त्याला लागून रात्री उशिरापर्यंत दुकान चालवणाऱ्या माणसाला "पोलिसांना फोन करा" हा सल्ला पुरत नाही. ज्यांनी असं दुकान चालवलेलं नाही, त्यांनी तो देऊ नये.

मग आम्ही पिस्तूल घेतलं. परवानाधारक विक्रेत्याच्या काउंटरवर उभ्या उभ्या फॉर्म ४४७३ भरला. तुमच्यावर गंभीर गुन्हा आहे का, घरगुती हिंसाचारासाठी शिक्षा झाली आहे का, कोर्टाने कधी मनोरुग्ण ठरवलं आहे का, नागरिक कुठल्या देशाचे. गांजा ओढता का, आणि शेजारी ठळक सूचना, की तुमच्या राज्यात चालत असला तरी केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच आहे. विक्रेत्याने माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडे पाठवली आणि आम्ही काडतुसांचे भाव पाहत होतो तेवढ्यात होकार आला. खोक्यात केबलचं एक कुलूप होतं. पिस्तुलाबरोबर ते देणं विक्रेत्याला केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे. ते लावणं मात्र जॉर्जियात कुणालाच बंधनकारक नाही. आम्ही लावतो, कारण घरात मूल आहे. आमच्या ओळखीत असे घरमालक आहेत की ज्यांचं कुलूप अजून खोक्यातच आहे.

आणि हेच पिस्तूल आम्ही विक्रेत्याऐवजी एखाद्या खासगी माणसाकडून, वाहनतळावर उभं राहून, रोख पैसे मोजून घेतलं असतं, तर ना फॉर्म होता ना एफबीआय. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरच्या १९८१ च्या हल्ल्यात जखमी झालेल्या जेम्स ब्रेडी यांच्या नावाने १९९३ साली जो तपासणीचा कायदा झाला, तो परवानाधारक विक्रेत्यापुरताच आहे. काही राज्यांनी पुढचं पाऊल टाकलं. जॉर्जियाने टाकलं नाही. आम्हाला लुटणाऱ्या पोराने पिस्तूल कुठून आणलं ते कधीच कळलं नाही. पण त्याने फॉर्म ४४७३ भरला नसणार, हे सांगायला तपास लागत नाही.

मी पिस्तूल ठेवते. हेलर खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, तो निकाल मला मान्य आहे. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हेही लिहून ठेवलं की हा हक्क अमर्याद नाही. तुमच्यातले अर्धे लोक निकालाचा पहिला भाग वाचतात, उरलेले अर्धे दुसरा. मला दोन्ही भाग एकत्र वाचणारा राष्ट्राध्यक्ष हवा आहे.

रिपब्लिकन उमेदवारांनो, तुमच्याबद्दलच्या तक्रारी आधी.

प्रत्येक गोळीबारानंतर तुम्ही म्हणता, प्रश्न मानसिक आरोग्याचा आहे. ठीक, तोच धरू. फेब्रुवारी २०१७ मध्ये गंभीर मानसिक आजारामुळे सरकारी भत्ता घेणाऱ्यांची नावं तपासणी यंत्रणेला कळवण्याचा ओबामा यांच्या काळातला नियम तुमच्या पक्षाने काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, रद्द केला आणि ट्रम्प यांनी त्यावर सही केली. त्या नियमाला दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांचाही विरोध होता. आजारी माणूस म्हणजे धोकादायक माणूस असं सरसकट धरता येत नाही, ही त्यांची हरकत रास्तच होती. पण मग तो नियम काढल्यावर त्याच्या जागी नेमका, न्याय्य असा दुसरा नियम आणायला हवा होता. तो आला नाही.

बंप स्टॉकचंही तेच. २०१७ साली लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या खिडकीतून संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या गेल्या, हल्लेखोर धरून ५९ जणांचा मृत्यू सुरुवातीला नोंदला गेला. साध्या रायफलला मशीनगनसारखी चालवणाऱ्या त्या जोडावर पुढच्या वर्षी बंदी आली. ती ट्रम्प यांच्याच सरकारने आणली, याचं श्रेय त्यांना मी देते. जून २०२४ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण ती कायद्याने न आणता खात्याच्या नियमाने आणली होती. न्यायमूर्ती अलिटो यांनी स्वतंत्र मतात स्पष्ट लिहिलं की काँग्रेस कायदा बदलू शकते. मग कायदा बदलायला तुम्हाला कुणी अडवलं आहे?

धोकादायक वाटणाऱ्या माणसाचं शस्त्र कोर्टाच्या आदेशाने तात्पुरतं काढून घेणाऱ्या रेड फ्लॅग कायद्याला तुम्ही विरोध करता, कारण सुनावणीआधी शस्त्र काढून घेणं हा अन्याय, असं तुमचं म्हणणं. हा आक्षेप मी हलका मानत नाही. उद्या कुणी खोटी तक्रार केली तर आमचंही पिस्तूल जाईल. पण पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ साली फ्लोरिडात रिक स्कॉट या तुमच्याच गव्हर्नरने असा कायदा केला आणि रायफल घेण्याचं वय २१ वर नेलं. त्याच महिन्यांत ट्रम्प टीव्ही कॅमेऱ्यांसमोर म्हणाले होते की आधी बंदुका घ्या, कायदेशीर प्रक्रिया नंतर. त्यानंतर त्यांनी तो विषय सोडून दिला. आज तुमची भूमिका नेमकी कोणती, स्कॉट यांची की कुठलीच नाही? अपलाचीच्या मुलाच्या घरी मे २०२३ मध्ये पोलीस जाऊन आले होते, ऑनलाइन धमकीची खबर एफबीआयकडून आली म्हणून. घरात बंदुका आहेत हे त्यांना तिथेच कळलं. तरी पुढे काही झालं नाही, आणि नंतर वडिलांनी त्या मुलाला नाताळची भेट म्हणून रायफल दिली, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. अशा घराबाबत पोलिसांनी काय करायला हवं होतं, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. मजबूत दारांचं उत्तर इथे चालत नाही. त्या शाळेतल्या शिक्षकांकडे ओळखपत्रावरचं संकटाचं बटण होतं, ते त्यांनी दाबलंही, शाळेतले पोलीस काही मिनिटांत पोहोचले. तरीही चार माणसं गेली.

डेमोक्रॅटिक उमेदवारांनो, तुम्ही यातून सुटत नाही.

तुमची पहिली आणि सर्वांत जुनी घोषणा म्हणजे लष्करी धर्तीच्या रायफलींवर बंदी. १९९४ मध्ये ती आली, दहा वर्षांनी संपली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत तुम्ही ती पुन्हा आणायचं वचन देता. सिनेटमध्ये त्याला ६० मतं लागतात. सँडी हुकच्या शाळेत पहिलीच्या वर्गातली २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, साध्या वाढीव तपासणीच्या प्रस्तावालाही ५४ च मतं पडली होती. जे होणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेच वचन पहिल्या क्रमांकावर ठेवून तुम्ही टाळ्या घेता. दरम्यान या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलाने होतात. त्यावर तुमच्या भाषणात दोन वाक्यंही नसतात.

दुसरं, तुमची भूमिका निवडणुकीगणिक बदलते. कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये अशा रायफली सक्तीने परत विकत घेण्याची भूमिका मांडली होती. २०२४ मध्ये ती गेली आणि त्याऐवजी माझ्याकडे ग्लॉक पिस्तूल आहे, घरात कुणी घुसलं तर गोळी खाईल, हे ऐकू आलं. माणसाने मत बदलावं, त्यात गैर काही नाही. पण कशामुळे बदललं, कुठला अनुभव आला, कुठला पुरावा पाहिला, हे सांगितलं नाही की ऐकणारा समजतो, मत पेनसिल्व्हेनियासारख्या अटीतटीच्या राज्यासाठी बदललं. मलाही तसंच वाटलं, आणि त्या उमेदवाराच्या इतर वचनांकडेही मी मग त्याच नजरेने पाहू लागले.

तिसरं जास्त बोचणारं आहे. बंदूक बाळगणारा म्हणजे मागासलेला, असा तुमच्या बोलण्यात एक सूर असतो. ओबामा २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या देणगीदारांपुढे छोट्या गावांतल्या लोकांबद्दल बोलून गेले की ते कडवट होतात आणि बंदुकांना नाहीतर धर्माला चिकटून बसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ते वाक्य विसरलं गेलेलं नाही. आमच्या दुकानात पहाटे कॉफी घ्यायला येणारे शिकारी, ट्रकवाले, बांधकामावरचे लोक हे कुणाचे शत्रू नाहीत. त्यांच्यातले कितीतरी जण मला सांगतात की तपासणी सगळ्यांचीच व्हावी. तुम्ही त्यांच्याशी नीट बोललात तर तेच तुमच्या बाजूने उभे राहतील.

शिवाय हक्क गरिबालाही परवडला पाहिजे. न्यूयॉर्कच्या ज्या परवाना पद्धतीवर २०२२ चा ब्रुएन निकाल आला, तिच्यात घराबाहेर शस्त्र बाळगायला "खास कारण" दाखवावं लागे, आणि ते पटवून घेणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ओळखीपाळखी असलेल्याला जे मिळतं ते रात्रपाळीच्या दुकानदाराला मिळू नये, अशा कायद्याचं समर्थन मी करणार नाही.

आता दोन्ही पक्षांनी मिळून जे टाळलं आहे, त्याविषयी.

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. खुनांचा आकडा २०२१ नंतर उतरतो आहे आणि त्याचं श्रेय घ्यायला दोन्ही पक्ष पुढे आहेत. आत्महत्यांवर कुणीही बोलत नाही, कारण त्यात आरोपी नसतो, सीमा नसते, टोळी नसते. दुसऱ्या बहुतेक मार्गांत वाचण्याची थोडीफार शक्यता असते. बंदुकीत ती जवळजवळ नसते. एखाद्या सोळा वर्षांच्या पोराची वाईट रात्र आणि बापाचं उघड्या ड्रॉवरमधलं पिस्तूल, एवढं पुरतं. आमच्या समाजात तर यावर बोलायचीच सोय नाही. मुलगा गेला तर लोकांना "अचानक गेला" म्हणून सांगतात. २०२० नंतर आमच्याही ओळखीतल्या काही घरांत बंदुका आल्या. त्या घरांत अभ्यासाच्या ओझ्याखाली पिचलेली मुलं आहेत, हे मी पाहते आहे.

विवेक मूर्ती यांचं उदाहरण आमच्या लोकांनी तरी विसरू नये. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातला हा डॉक्टर. बंदूक हा आरोग्याचा प्रश्न आहे असं त्यांनी ट्विटरवर लिहिलं होतं, एवढ्यावरून २०१४ मध्ये त्यांची सर्जन जनरलपदाची नेमणूक महिनोन्‌महिने अडवून ठेवली गेली आणि अखेर ५१ विरुद्ध ४३ मतांनी मंजूर झाली. जून २०२४ मध्ये त्यांनी या पदावरून बंदूक हिंसाचारावर पहिला इशारा काढला. वर उल्लेख केलेला, संकेतस्थळावरून उतरवला गेलेला इशारा तोच. सिगारेटबद्दल असा इशारा सर्जन जनरलने १९६४ मध्ये दिला आणि आज आमच्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर इशारा छापलेला असतो. कुणी त्याला सिगारेट ओढण्याच्या हक्कावर हल्ला म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, राष्ट्राध्यक्ष निवडताना बंदूक हा एकच मुद्दा थोडाच असतो. बरोबर. मलाही महागाई पाहायची आहे, युद्धं पाहायची आहेत, स्थलांतराचं धोरण पाहायचं आहे. तरी मी या प्रश्नाला इतकं वजन देते, कारण नेता आपल्याच लोकांना न आवडणारं बोलू शकतो का, हे इथे लगेच कळतं. रेगन स्वतः गोळी लागून वाचले, आयुष्यभर बंदूकधारकांचे लाडके राहिले, आणि १९९१ मध्ये त्यांनी ब्रेडी कायद्याला जाहीर पाठिंबा दिला. थोरले बुश एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेचे आजीव सदस्य होते. १९९५ मध्ये त्या संघटनेने सरकारी अधिकाऱ्यांना उद्देशून हीन भाषा वापरली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. उवाल्डेच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, बाहेर पोलीस तासाहून जास्त वेळ थांबून राहिले. त्यानंतर टेक्ससचेच रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन समोरच्या पक्षाशी वाटाघाटीला बसले. जून २०२२ मध्ये ह्यूस्टनला स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांनी वाटाघाटी सोडल्या नाहीत, आणि काही दिवसांत सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा बंदूक कायदा झाला. पंधरा रिपब्लिकन सिनेटरांनी त्याला मत दिलं. २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची जास्त तपासणी त्यातूनच आली.

कॉर्निन यांची बाकीची धोरणं मला पटत नाहीत. पण त्या सभागृहात ते उभे राहिले तसे तुम्ही उभे राहाल का, हे मला २०२८ च्या आधी जाणून घ्यायचं आहे. जो माणूस बंदुकीवर आपल्या देणगीदारांना नाही म्हणू शकत नाही, तो युद्धावर किंवा बँकांवर म्हणेल, असा विश्वास मी कशावर ठेवू?

आणि आता हा धोका तुमच्याही दारात आला आहे. जुलै २०२४ मध्ये बटलरच्या सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी लागली आणि श्रोत्यांमधला एकजण गेला. जून २०२५ मध्ये मिनेसोटात मेलिसा हॉर्टमन या लोकप्रतिनिधीला घरात घुसून मारलं. सप्टेंबर २०२५ मध्ये युटामध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांना विद्यार्थ्यांसमोर मारलं. दर वेळी तुम्ही दुसऱ्या पक्षाच्या भाषेकडे बोट दाखवलंत. महाराष्ट्रात निवडणूक लागली की परवानाधारकांना आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. इथे निवडणूक लागली की उमेदवार हातात बंदूक घेऊन जाहिराती करतात. तिकडचा नियम इकडे लागू करा असं मी म्हणत नाही, इथली राज्यघटना वेगळी आहे. निदान त्या जाहिराती तरी थांबवा.

आम्हा स्थलांतरितांना यात आणखी एक भीती आहे, तीही लिहून ठेवते. २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ्यात एका भारतीय इंजिनिअरला बारमध्ये "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत गोळी घातली गेली. १६ मार्च २०२१ ला आमच्या अटलांटा परिसरात मसाज पार्लरमध्ये आठ जणांना मारलं गेलं, त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका. मारेकऱ्याने पिस्तूल त्याच दिवशी, कायदेशीर मार्गाने घेतलं होतं. जॉर्जियात खरेदी आणि ताबा यांच्यात थांबण्याचा एक दिवसही नाही. एका बाजूला या भीतीने आमचे लोक बंदूक घेतात, दुसऱ्या बाजूला नियम कुणी समजावून सांगत नाही. एच-वन-बीवर आलेल्या भावाला हौसेने रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणाऱ्यांना ठाऊकही नसतं की शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर त्याने ते नुसतं हातात घेणंही केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

आता मागण्या. या सगळ्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात असलेल्या किंवा त्याने पुढाकार घेतला तर होण्यासारख्या गोष्टींविषयी आहेत.

खासगी विक्रीलाही तपासणी हवी की नको, हो किंवा नाही म्हणा. नको म्हणत असाल, तर आम्हाला लुटणाऱ्या पोरापर्यंत पिस्तूल पोहोचू नये म्हणून दुसरा कोणता उपाय करणार, ते लिहा.

तपासणीचं उत्तर तीन कामकाजी दिवसांत आलं नाही तर विक्रेता शस्त्र देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला पिस्तूल याच फटीतून मिळालं. ही मुदत वाढवण्याचं विधेयक तुमच्या टेबलावर आलं तर सही करणार का?

बंदुकांच्या विक्रीवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या खात्याच्या प्रमुखाला २००६ पासून सिनेटची मंजुरी लागते. त्या वर्षापासून २०२४ पर्यंत मंजुरी मिळाली ती फक्त दोघांना. तुम्ही कुणाला नेमणार आणि किती दिवसांत, ते सांगा. ते खातंच नको असेल तर तसं उघड म्हणा.

धोकादायक ठरलेल्या माणसाकडून तात्पुरतं शस्त्र घेण्याच्या प्रक्रियेत सुनावणी कधी व्हावी, खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा काय असावी, याचा मसुदा द्या. रहीमी खटल्यात २०२४ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केलं आहे की कोर्टाने धोकादायक ठरवलेल्याचं शस्त्र काढून घेता येतं. त्यामुळे घटनेत बसत नाही, हे कारण देऊ नका.

मूल असलेल्या घरात शस्त्र कुलपात ठेवण्याबद्दल तुमचं धोरण काय? सक्ती नको असेल तर पेटी घेणाऱ्याला करसवलत द्या. आत्महत्या रोखण्यासाठी किती निधी ठेवणार, आणि १९९६ नंतर वीसेक वर्षं जवळजवळ बंद पडलेलं बंदुकीवरचं सरकारी संशोधन चालू ठेवणार का, तेही त्यातच लिहा.

डेमोक्रॅटिक उमेदवारांनी एक जादा उत्तर द्यावं. माझ्या दुकानातलं पिस्तूल, शेजाऱ्याची शिकारीची बंदूक, यांना तुम्ही हात लावणार नाही हे एका वाक्यात, "पण" न लावता लिहा. रिपब्लिकन उमेदवारांनीही एक जादा उत्तर द्यावं. माझी मुलगी वर्गात दिवे घालवून, दारावरच्या काचेला पट्टी लावून, फोन बंद करून भिंतीला टेकून बसायचा सराव करते. तिचा हा सराव बंद व्हावा यासाठी दारं आणि पहारेकरी सोडून काय करणार, ते सांगा.

आणि जे उत्तर कॅलिफोर्नियात द्याल तेच जॉर्जियात द्या. २०२० मध्ये या राज्याचा निकाल ११,७७९ मतांनी लागला होता. त्याहून जास्त भारतीय वंशाचे मतदार एकट्या आमच्या आणि आसपासच्या काउंट्यांमध्ये आहेत. आम्ही भाषणं दोन्ही ठिकाणची ऐकतो.

जॉर्जियाच्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, महिनाभर आधी ही उत्तरं लेखी आणि जाहीर द्यावीत. मी ती छापून आमच्या दुकानात लॉटरीच्या तिकिटांशेजारी, दोन्ही पक्षांची जवळजवळ, गिऱ्हाइकांना वाचायला ठेवणार आहे. ज्या उमेदवाराचं उत्तर येणार नाही, त्याच्या नावापुढे "उत्तर आले नाही" एवढंच लिहीन.

आपली,
एक मतदार, एक दुकानदार, एक आई
ग्विनेट काउंटी, जॉर्जिया